झाडावरचा स्थिर शत्रू : खवले किडींची ओळख व वर्गीकरण

उसाच्या फडात शिरून बुडख्याकडचे वाळलेले पाचट ओढून काढले, म्हणजे कधी कधी कांड्यांवर राखट, काळपट रंगाचा थर चिकटलेला आढळतो. नखाने खरवडला तर तो भुकटीसारखा सुटतो. पाहणारा म्हणतो, ही बुरशी असावी. दुसरा म्हणतो, जमिनीचा मळ आहे. तिसरा त्याकडे लक्षच देत नाही. वास्तविक त्या थरातील प्रत्येक ठिपका हा एक जिवंत कीटक असतो. आपली सोंड कांड्यात रोवून तो महिनोन्‌महिने अन्नरस शोषीत बसलेला असतो. त्याला पंख दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत, तो चालत नाही, उडत नाही. त्यामुळे तो कीटक आहे हेच मुळी पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही आणि बुरशीनाशकाची एखादी निरर्थक फवारणी होऊन जाते.

खवले किडींचा प्रश्न हा असा प्रथमतः ओळखीचा प्रश्न आहे. एकाच किडीला चार गावांत चार नावे आणि चार वेगवेगळ्या किडींना एकाच गावात एक नाव, अशी स्थिती सर्वत्र आढळते. झाडावर पांढरे काही दिसले की कोणी त्याला भुरी म्हणतो, कोणी मावा, कोणी चिकटा. नाव चुकले म्हणजे उपाय चुकतो. उपाय चुकला म्हणजे पैसा जातो, हंगाम जातो आणि शेतकऱ्याला फुकट मदत करणारे मित्रकीटकही नाहक मारले जातात. म्हणूनच या किडींचे वर्गीकरण हा केवळ संशोधकांच्या कपाटातील विषय नाही. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याची निदान तोंडओळख करून घेणे अगत्याचे आहे.

कीटक असून कीटकासारखे न दिसणारे

खवले किडींचा समावेश हेमिप्टेरा म्हणजे अर्धपंखी कीटकांच्या गणात होतो. मावा, तुडतुडे व पांढरी माशी हे त्यांचे गणबंधू. या सर्वांची तोंडे चावण्यासाठी नसून टोचून शोषण्यासाठी बनलेली असतात. त्यामुळे पान कुरतडलेले किंवा फळ पोखरलेले दिसले, तर ते काम खवले किडीचे नव्हे, एवढा निष्कर्ष तात्काळ काढता येतो. या गणातील कॉक्सॉइडिया नावाच्या अधिकुळात सर्व खवले किडी व पिठ्या ढेकूण येतात. जगात त्यांच्या आठ हजारांहून अधिक जाती नोंदविल्या गेल्या आहेत. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा पाया घातला, त्या ग्रंथातच लिंबूवर्गीय झाडांवरील कॉकस हेस्पेरिडम या खवले किडीचे नाव आलेले आहे. यावरून या अभ्यासाचे वय लक्षात येईल.

या किडींत नर व मादी यांचे रूप इतके भिन्न असते, की ती दोन एकाच जातीची आहेत हे सांगूनही खरे वाटू नये. मादीला कधीही पंख फुटत नाहीत. वयात आल्यावरही तिचे शरीर पिल्लासारखेच राहते. नर मात्र चिलटासारखा नाजूक असून त्याला बहुधा पंखांची एकच जोडी असते. त्याला तोंड नसते. म्हणून तो काही खाऊ शकत नाही आणि समागमानंतर थोड्याच काळात मरून जातो. कित्येक जातींत तर नराची गरजही नसते. मादी एकटीच प्रजा वाढविते. आपण झाडावर जी कीड पाहतो व जिचे नुकसान सोसतो, ती जवळजवळ सर्वस्वी माद्यांची व त्यांच्या पिल्लांची असते. तिची ओळखही प्रौढ मादीवरूनच केली जाते.

अंड्यातून किंवा थेट मादीच्या शरीरातून बाहेर पडलेल्या पिल्लाला सहा पाय व दोन शृंगिका असतात. आकाराने ते टाचणीच्या टोकाएवढे असते. याला आपण 'फिरते पिल्लू' म्हणू. खवले किडीच्या आयुष्यातील ही सर्वांत महत्त्वाची अवस्था होय. याच अवस्थेत ती एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आणि वाऱ्याबरोबर, मुंग्यांबरोबर, मजुरांच्या कपड्यांबरोबर व अवजारांबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. याच अवस्थेत तिच्या अंगावर मेणाचे कवच नसते. म्हणून कोणताही उपाय याच वेळी लागू पडतो. पिल्लू एकदा जागा धरून बसले व अंगावर मेण चढले, की फवाऱ्याचे पाणी वरून ओघळून जाते.

तीन प्रश्न, तीन कुळे

खवले किडींची कुळे अनेक आहेत. तथापि आपल्या शेतात व बागेत आढळणाऱ्या बहुतेक किडी तीन मोठ्या कुळांत बसतात. त्यांतील भेद ओळखण्यास दहापट मोठे दिसणारे एक भिंग, एक सुई आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरते. झाडापाशी उभे राहून पुढील तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : अंगावर घट्ट कवच आहे की पिठासारखी भुकटी? भुकटी असेल, शरीर लंबगोल व मऊ असेल, कडेने मेणाचे बारीक तंतू निघालेले असतील आणि सुईने डिवचल्यावर कीड हळूहळू चालू लागत असेल, तर ती पिठ्या ढेकणाच्या कुळातील समजावी. या कुळाचे शास्त्रीय नाव स्यूडोकॉकिडी. यातील माद्यांचे पाय शेवटपर्यंत शाबूत राहतात.

दुसरा प्रश्न : कवच असल्यास ते सुईने उचलल्यावर एकटे निघते काय? कवच झाकणासारखे अलग निघून खाली पिवळसर वा नारिंगी रंगाचे मऊ शरीर तसेच झाडाला चिकटून राहिले, तर ती कवचधारी खवले कीड होय. तिच्या कुळाचे नाव डायस्पिडिडी. हे कवच म्हणजे किडीने टाकलेल्या कातीवर मेणाचे थर चढवून बांधलेले छप्पर असते. तो तिच्या शरीराचा भाग नव्हे. या कुळातील मादी पहिल्या कातीबरोबरच पाय गमावते आणि मग जन्मभर जागची हलत नाही. याउलट, कवच उचलताच सबंध कीडच उलटून हाती आली, तर ती मृदू खवले कीड, म्हणजे कॉकिडी कुळातील असते. तिचे कवच म्हणजे तिची स्वतःची टणक झालेली पाठच असते. कॉफीवरील हिरवी खवले कीड व अर्धगोलाकार तपकिरी खवले कीड ही या कुळाची परिचित उदाहरणे.

तिसरा प्रश्न : पाने चिकट व काळी झाली आहेत काय? पिठ्या ढेकूण व मृदू खवले कीड या झाडाच्या अन्नवाहिन्यांतील रस शोषतात. त्यात साखर भरपूर असते. अंगी न लागलेली साखर त्या गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. त्या थेंबांवर काळी बुरशी वाढते आणि मुंग्यांची रांग लागते. कवचधारी खवले कीड मात्र अन्नवाहिन्यांतून न शोषता पेशींतील द्रव्य शोषते. म्हणून ती चिकटा टाकीत नाही. तिच्याभोवती काळी बुरशी किंवा मुंग्याही नसतात. तिच्या जागी पिवळे डाग, सुकलेल्या डहाळ्या व खडबडीत साल एवढीच चिन्हे दिसतात. नारळाच्या व आंब्याच्या पानांवर पिवळे डाग पाडणारी अ‍ॅस्पिडिओटस डिस्ट्रक्टर ही कीड याच प्रकारची होय.

येथे एक सावधगिरी हवी. काळी बुरशी दिसली म्हणजे खवले कीडच असेल, असे नाही. विदर्भातील संत्र्याच्या बागांत जिला 'कोळशी' म्हणतात, तिचे मूळ कारण काळी माशी असते. मावाही असाच चिकटा टाकतो. काळी बुरशी हा रोग नसून परिणाम आहे. तो घडविणारा कीटक त्याच पानाच्या मागे किंवा त्याच्या वरच्या पानाच्या खालच्या बाजूस शोधला पाहिजे.

एकाच उसावरील तीन पाहुणे

ओळखीची ही रीत प्रत्यक्षात कशी वापरावयाची, हे उसाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. महाराष्ट्रातील उसावर पांढुरका वा राखट थर निर्माण करणारे तीन निरनिराळे कीटक आढळतात.

पहिली उसाची खवले कीड, शास्त्रीय नाव मेलॅनॅस्पिस ग्लोमेराटा. ती कवचधारी कुळातील आहे. कांडी सुटू लागल्यानंतर ती पाचटाखाली कांड्यांवर वसते. तिचे गोल, काळपट राखी खवले दाटीने एकमेकांना चिकटून सबंध कांडे झाकून टाकतात. रस आटतो, त्यातील साखरेचा अंश उतरतो, बेण्याचे डोळे नीट उगवत नाहीत. चिकटा मात्र कोठेही नसतो.

दुसरा गुलाबी पिठ्या ढेकूण, सॅकॅरिकॉकस सॅकॅरी. तोही पाचटाखालीच दडतो, पण पेरांजवळ. त्याचे शरीर लांबट गोल, गुलाबी व पीठ शिंपडल्यासारखे असते. त्याच्याजवळ मुंग्या हमखास सापडतात.

तिसरा लोकरी मावा. हा खवले कीड नव्हेच; तो मावा कुळातील आहे. २००२ मध्ये महाराष्ट्रात त्याचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा अनेकांनी त्याला प्रथम पिठ्या ढेकूणच समजले. त्याचे ठिकाण कांड्यावर नसून पानाच्या खालच्या बाजूस, मध्यशिरेच्या दोन्ही अंगांस असते. अंगावर पांढऱ्या लोकरीसारखे मेण असते आणि खालच्या पानांवर चिकटा पडून ती काळवंडतात.

या तिघांचे उपाय एक नाहीत. खवले कीड प्रामुख्याने बेण्यातून पसरते. म्हणून कीडविरहित मळ्यातील बेणे निवडणे, खालचे वाळलेले पाचट वेळेवर काढणे आणि जास्त कीडग्रस्त उसाचा खोडवा न ठेवणे, हे तिच्यावरील खरे उपाय होत. लोकरी माव्यावर मात्र डिफा, मायक्रोमस यांसारखे मित्रकीटक प्रभावी ठरले आणि ते टिकावेत म्हणून रासायनिक फवारणीस आवर घालणे आवश्यक ठरले. एकाचे औषध दुसऱ्यास दिले, तर खर्च होतो आणि कीड जागीच राहते.

पिठ्या ढेकणांतील भेद

पिठ्या ढेकणांच्याही अनेक जाती आहेत. त्यांतील चार जातींची शेतातील खूण सांगता येते. सीताफळ, पेरू इत्यादींवर येणाऱ्या फेरिसिया व्हिरगाटा या जातीच्या पाठीवर दोन काळसर उभे पट्टे व मागे दोन लांब शेपट्या असतात. अंगावर काचेच्या धाग्यांसारखे तंतू दिसतात. कपाशीवरील फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस या जातीच्या पाठीवर पीठ विरळ होऊन काळ्या ठिपक्यांच्या जोड्या उमटतात. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरात, पंजाब व अन्य कापूस प्रदेशांत उद्रेक पावली. गाजर गवत हे तिचे आवडते आश्रयस्थान होय.

द्राक्ष, तुती व जास्वंदीवर येणाऱ्या मॅकोनेलिकॉकस हिरसुटस या जातीचे शरीर चिरडले असता गुलाबी-लालसर द्रव निघतो. तिच्या उपद्रवाने शेंडे आखडून त्यांचा गुच्छ होतो. पपईवरील पॅराकॉकस मार्जिनेटस ही पिवळसर असून कडेचे तंतू आखूड असतात. तिची एक विलक्षण खूण अशी, की अल्कोहोलमध्ये टाकल्यावर तिचे शरीर निळसर काळे पडते.

आंब्याच्या बुंध्यावर चढणारा मोठा पिठ्या ढेकूण, ड्रोसिका मँजिफेरी, नावाने पिठ्या असला तरी वर्गीकरणाने वेगळ्या कुळातील आहे. त्याची मादी अंडी घालण्यासाठी जमिनीत उतरते व पिल्ले हिवाळ्यात बुंध्यावरून वर चढतात. म्हणून बुंध्याभोवती गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्या कडा बंद केल्या, तर त्यांचा मार्ग अडतो. हाच उपाय डहाळीवरच जन्म काढणाऱ्या कवचधारी किडीवर केला, तर त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. जीवनक्रम ठाऊक असला तरच उपाय सुचतो आणि जीवनक्रम ठाऊक होण्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते.

शत्रूच्या घराण्यातील मित्र

या अधिकुळातील सर्वच कीटक अपायकारक नाहीत. लाखेचा किडा, केरिया लॅका, हा याच घराण्यातील. महाभारतातील लाक्षागृहाची कथा ज्या लाखेने उभी राहिली, ती याच किड्याची देणगी. गोंदिया, भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांत पळस, बोर व कुसुम या वृक्षांवर तिचे उत्पादन घेतले जाते. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संशोधन संस्था स्थापन झाली. लाखेच्या पट्ट्यात वनखात्याने वा शेतकऱ्याने बोरीवरील लाखेला उपद्रवी खवले कीड समजून फवारणी केली, तर तो घरच्या उत्पन्नावरच घाव ठरेल.

दुसरे उदाहरण निवडुंगावरील कोचिनील किड्याचे. मौल्यवान तांबडा रंग देणारा किडा समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून भारतात एक कीटक आणण्यात आला. तो खरा रंगाचा किडा नव्हताच. त्याच प्रजातीतील वेगळ्या जातीचा होता. रंगाचा व्यापार फसला. परंतु त्या किड्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. निवडुंगाची दुसरी जात मात्र त्याला दाद देईना. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची आणखी एक जात आणण्यात आली, तेव्हा त्या दुसऱ्या निवडुंगाचे रान हटले. किडा कोणत्या जातीचा आणि झाड कोणत्या जातीचे, या दोन प्रश्नांची अचूक उत्तरे किती मोलाची असतात, याचा हा आपल्याच भूमीवरील धडा आहे.

तिसरी गोष्ट अधिक निकटची. क्रिप्टोलीमस नावाचा एक लहान भुंगेरा पिठ्या ढेकणांना खातो. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील. कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाच्या लोंबत्या झालरी असतात आणि ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. शेतकरी तिला 'मोठी कीड' समजून आधी तिलाच मारतो. भेद सोपा आहे. ही अळी आकाराने मोठी असते, चपळपणे धावते आणि पिठ्यांच्या वसाहतीत शिरून त्यांची अंडी खाताना दिसते. तसेच खवल्याच्या पाठीवर एक स्वच्छ गोल छिद्र दिसले किंवा पिठ्या ढेकूण फुगून तपकिरी, चामड्यासारखा झालेला दिसला, तर त्यातून परोपजीवी गांधीलमाशीची प्रजा बाहेर पडली आहे वा पडणार आहे, असे समजावे. अशी चिन्हे मोठ्या प्रमाणात दिसत असतील, तेथे फवारणीचा हात आवरता घेणेच शहाणपणाचे.

प्रयोगशाळेतील निर्णय

भिंगाने कुळ ओळखता येते व परिचित जातीचा अंदाज बांधता येतो. जातीचा अखेरचा निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. प्रौढ मादीचे शरीर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतील मांस विरघळवितात. उरलेली पारदर्शक त्वचा धुऊन, रंगवून, अल्कोहोलमध्ये निर्जल करून कॅनडा बालसममध्ये काचपट्टीवर बसवितात. मग अभ्यासक मेण स्रवणारी सूक्ष्म छिद्रे, केस, शृंगिकांची पेरे व शरीराच्या मागील टोकाची रचना तपासतो. कवचधारी किडीत मागील टोकाच्या कडेवरील दंतुर पाळ्या, मृदू खवले किडीत गुदद्वारावरील दोन त्रिकोणी पट्टिका आणि पिठ्या ढेकणात कडेने असलेले काटे व छिद्रांचे समूह निर्णायक ठरतात. उघड्या डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन जाती या काचपट्टीवर स्पष्टपणे वेगळ्या होतात.

म्हणून अनोळखी कीड आढळल्यास तिचा नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा राहुरी, अकोला, परभणी वा दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठविणे इष्ट. पिठ्या ढेकूण व मृदू खवले कीड सत्तर टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत ठेवावी. कवचधारी कीड ज्या डहाळीवर वा पानावर असेल त्या भागासह वाळवून कागदी पाकिटात घालावी. सोबतच्या चिठ्ठीवर पिकाचे नाव, झाडाचा भाग, गाव व तालुका, दिनांक, मुंग्या वा चिकटा होता की नाही आणि गोळा करणाऱ्याचे नाव, एवढा तपशील पेन्सिलीने लिहावा; शाई अल्कोहोलमध्ये फुटते. जिवंत कीड उघड्या पिशवीतून गावोगाव नेऊ नये. तसे करणे म्हणजे किडीची वाहतूक स्वतःच करणे होय.

नाव चुकले म्हणजे काय होते

केनियातील कॉफीच्या मळ्यांत १९२० च्या दशकात एका पिठ्या ढेकणाचा उपद्रव सुरू झाला. तो आशियातील परिचित जातींपैकी एक असावा, अशा समजुतीने दूरदूरच्या देशांतून मित्रकीटक आणण्यात आले. ते सर्व अपयशी ठरले. १९३५ मध्ये ही स्वतंत्र, तोवर नाव नसलेली जात असल्याचे निश्चित झाले आणि तिचे मूळ ठिकाण शेजारच्या युगांडात असल्याचे दिसून आले. १९३८ मध्ये तेथून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या आणि कीड आटोक्यात आली. नाव चुकल्याने गेलेल्या त्या वर्षांची किंमत मळेवाल्यांनी मोजली.

आफ्रिकेतच १९७० च्या दशकात टॅपिओकावर, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपल्या उपवासाचा साबुदाणा तयार होतो त्या पिकावर, एक पिठ्या ढेकूण पसरला. कोट्यवधी लोकांचे ते रोजचे अन्न होते. १९७७ मध्ये या जातीला फेनॅकॉकस मॅनिहोटी हे नाव मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात तशीच दिसणारी कीड आढळली, म्हणून तेथील परोपजीवी आणले गेले. परंतु ते टिकेनात. बारकाईने पाहता ती कीड वेगळीच जात निघाली. खरी जात १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडली. तेथून आणलेल्या एका सूक्ष्म गांधीलमाशीने आफ्रिकेतील पीक सावरले. या कार्याचे नेतृत्व करणारे हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. हीच कीड २०२० मध्ये केरळात थ्रिसूर येथे आढळली. या वेळी मात्र नाव लवकर निश्चित झाले आणि तीच गांधीलमाशी परदेशातून मागविण्याचा मार्ग तात्काळ मोकळा झाला.

पपईवरील पिठ्या ढेकणाची हकीगत याच मालिकेतील. तो २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम नोंदविला गेला व पुढे पुण्यासह महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. किटकनाशकांचे फवारे होऊनही बागा उभ्या वाळल्या. जात निश्चित असल्याने तिचे मेक्सिकोकडील मूळस्थान व तेथील शत्रू ठाऊक होते. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत आणले गेले. त्यांतील अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही जात विशेष यशस्वी ठरली आणि त्या परोपजीवींनी ही कीड आवाक्यात आणली.

गावाच्या पातळीवर

या सर्व विवेचनातून ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी काही व्यवहार्य कामे निघतात.

शाळेच्या कुंपणावरील जास्वंद ही विद्यार्थ्यांची पहिली प्रयोगशाळा होऊ शकते. एका भिंगाने पिठ्या ढेकूण, त्यावरील मुंग्या व त्यांना खाणारी अळी ही तिन्ही एकाच फांदीवर दाखविता येतात. डहाळीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून ठेवली व दर आठवड्यास भिंगाने पाहिली, तर फिरती पिल्ले केव्हा बाहेर पडतात हे मुलांनाही सांगता येते. त्यांची ही नोंद आजूबाजूच्या बागायतदारास फवारणीचा नेमका काळ दाखवू शकेल.

ग्रामपंचायतीने गावठाण, रस्ते व पाटाच्या कडेचे गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटण्याची मोहीम घ्यावी; त्यामुळे पिठ्या ढेकणाचे आश्रयस्थान कमी होते. कीडग्रस्त छाटणी रस्त्याकडेला वा पाण्याच्या पाटात टाकू देऊ नये. वृक्षारोपणासाठी येणाऱ्या रोपांच्या पानांची मागची बाजू व खोडाचा बुंधा लावणीपूर्वी तपासावा. एक कीडग्रस्त रोप सबंध गावाला पुरते. उसाचे बेणे देणाऱ्या मळ्याची पाहणी पाचट काढूनच करावी. वरून हिरवा दिसणारा ऊस आतून खवल्यांनी भरलेला असू शकतो.

अधिकाऱ्यांनी शिफारस करताना कुळाची खात्री आधी करून घ्यावी आणि कीटकनाशके कायदा, १९६८ अन्वये त्या पिकासाठी व किडीसाठी संमत असलेलेच औषध सुचवावे. परप्रांतांतून वा परदेशांतून आलेली रोपे व कलमे यांविषयीची दक्षताही महत्त्वाची आहे. विनाशकारी कीटक व उपद्रव अधिनियम १९१४ मध्येच झाला, आणि २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने आयातीवरील तपासणीचे नियम निश्चित केले. परंतु बंदरावरील तपासणीच्या पुढे गावाच्या वेशीवरील जागरूक डोळा हेच अखेरचे ठाणे असते.

खवले कीड लहान, निश्चल व मूक आहे. तिच्या या गुणांमुळेच ती आपल्या नजरेतून निसटते आणि नुकसान पुरे झाल्यावर दिसते. पाचट ओढून पाहण्याची, पान उलटे करून पाहण्याची आणि कवच सुईने उचलून पाहण्याची सवय गावातील दहा माणसांना लागली, तरी पुष्कळ काही साधेल. फवारणीचा पंप खांद्यावर घेण्यापूर्वी प्रत्येकाने 'ही कोण?' हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावरच पंपात पाणी भरावे.